सदस्य क्रमांक सात

समितीत एक जण सामान्य लागतो, असा नियम आहे.
पाच डॉक्टर, एक वकील,
आणि सातवी मी, कुमुदिनी नेहेते, फैजपूर,
अठ्ठावीस वर्षं केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये,
आता निवृत्त, म्हणून सामान्य.

जळगावला तिसऱ्या मजल्यावर
एसी एवढा की पदर दोन्ही खांद्यांवर घ्यावा लागला.
कागदावर लिहिलेलं:
गर्भसदृश रचना. बीजांड नाही, शुक्राणू नाही.
दात्याच्या दंडावरच्या त्वचेपासून तयार.
तेराव्या दिवशी नष्ट करण्यात येतील.

मी विचारलं, सदृश म्हणजे किती?

डॉक्टर झांबरे हसली नाही, तेवढ्यानं ती मला आवडली.
तिनं पडद्यावर दाखवलं:
कळण्याच्या पिठाच्या कणाएवढं टिंब,
टिंबात पोकळी,
पोकळीच्या कडेला काहीतरी दाटून येतंय.
म्हणाली, इथं पुढे एक रेघ उठते. पाठीची.
ती उठायच्या आत आम्ही थांबतो.

पोटात ठेवलं तर?
ठेवणार नाही.
ठेवलंच तर?
बहुतेक काही होणार नाही.

बहुतेक. हा शब्द मी पदराच्या टोकाला बांधला.

केळीचं मला माहीत आहे.
केळीला बी नाही. गड्ड्याच्या पोटातला कोंब काढायचा,
सुईच्या टोकाएवढा, बाटलीत ठेवायचा,
एकाचे चार, चाराचे सोळा,
रावेरपासून चोपड्यापर्यंत बागाच बागा
आणि सगळ्यांची आई एकच, कधीची कापून टाकलेली.
बाटलीत बुरशी दिसली की ऑटोक्लेव्ह,
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
मी कधी रडले नाही. रडण्यासारखं होतं काय?
शेतात मात्र खोडाशेजारी फुटलेल्याला
आम्ही पिल म्हणतो,
आणि नको असलेलं पिल विळ्यानं छाटतो.
म्हणणारे आम्हीच, छाटणारेही.

वकील म्हणाले, कायद्याच्या भाषेत ही वस्तू.
कोपऱ्यातले म्हातारे डॉक्टर म्हणाले, जीव आहे हो.
मी म्हटलं, वस्तू असती तर मला बोलावलं नसतं.
आणि जीव असता तर
माझ्याऐवजी पोलीस बोलावले असते.
चहा आला. कुणी काही बोललं नाही.

मग झांबरे हळूच म्हणाली,
पहिल्या आठवड्यातच गर्भ का सुटतात
ते यातून कळेल कदाचित.
आमच्या गल्लीतल्या मंदाकिनीचं पाच वेळा.
पाचव्या वेळी तिनं कुणाला सांगितलंसुद्धा नाही,
गिरणीवर डबा घेऊन उभी होती.

माझी सासू हिशेबाला पक्की.
दात न आलेलं लेकरू जाळायचं नाही, पुरायचं.
पोट पडलं, तर जितके महिने तितके दिवस सुतक.
तिला विचारलं असतं, आणि तेरा दिवसांचं?
तिनं बोटांची पेरं मोजली असती:
माय वं, अर्धा दिवसही भरत नाही.
तिसऱ्या प्रहरापर्यंत धर.
पण धरायचं कुणी?
आई नाही, बाप नाही,
गोत्र म्हणून कुण्या परक्याची चिमूटभर कातडी.

मी सही केली.
खाली लिहिलं: नष्ट केल्याची वेळ हातानं लिहावी,
आणि लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव.
वकील म्हणाले, याची गरज नाही.
म्हटलं, असू द्या, मी सामान्य आहे.

मे महिन्यातली तारीख मी मोजून ठेवली होती.
फोन आला नाही, यायचाही नव्हता.
सकाळी देवापाशी दिवा लावला नाही.
केसांना तेल नाही.
चार वाजता डोक्यावरून पाणी घेतलं.
सून म्हणाली, दुसऱ्यांदा?
म्हटलं, उकडतंय.